आडनावबंधू

दोन महिन्यांपूर्वी परभणीहून माझ्या मित्राच्या मुलीचा फोन आला. मुलगी म्हणजे आता पन्नाशीकडं झुकलेली बाई, कॉलेजात शिकवते. तिचे वडील, माझे जुने सोबती, मागच्या उन्हाळ्यात गेले.

"काका, बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाला आम्ही छोटंसं पुस्तक काढतोय," ती म्हणाली. "तुम्ही ती ट्रकची गोष्ट लिहून द्या. बाबा नेहमी सांगायचे. पण तुमच्या हातची पाहिजे."

ट्रकची गोष्ट आमच्या दोन्ही घरांत सगळ्यांना पाठ आहे. ती अशी की, मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण बिघडलं होतं त्या दिवसांत आम्ही दोघं ट्रकने घरी निघालो होतो. वाटेत जमावानं ट्रक अडवला. तो बौद्ध, मी मराठा. हा कोण म्हणून त्यांनी मला विचारलं आणि मी छाती पुढं करून सांगितलं, "ह्यो माझा भाऊ हाय." मग आम्ही दोघं सुखरूप घरी आलो. माझ्या निवृत्तीच्या समारंभात दोन जणांनी ही गोष्ट भाषणात सांगितली. माझी बायको होती तोवर तिच्या माहेरी सांगायची. आता नातवंडं सांगतात.

मी फोनवर हो म्हणालो आणि तीनदा लिहायला बसलो. तीनही वेळा "ह्यो माझा भाऊ हाय" या वाक्यापाशी पेन थांबलं. कारण ते वाक्य मी बोललो नव्हतो. आता माझं वय झालं आहे आणि खरं काय घडलं ते माहीत असलेला मी एकटाच उरलो आहे. म्हणून लिहितो. पण आधी चांगल्या दिवसांचं लिहिलं पाहिजे, नाहीतर पुढच्याला काही अर्थ राहणार नाही.

आमची शाळा चारठाण्यापासून आत तीन मैलांवर होती. आम्ही दोघं एकाच महिन्यात तिथं मास्तर म्हणून रुजू झालो. माझं गाव पाथरीजवळ, त्याचं सेलूच्या पुढं. आणि दोघांचं आडनाव एकच. ते आडनाव इथं लिहीत नाही, पण मराठवाड्यात ते गावोगाव सापडतं, मराठ्यांत सापडतं तसंच बौद्धांतही. हेडमास्तरांना हजेरी लिहिताना घोटाळा व्हायचा, म्हणून त्यांनी आमची नावं सोडून देऊन एकाला पाथरीकर आणि एकाला सेलूकर करून टाकलं. तो स्वतः मात्र आमची ओळख वेगळी करून द्यायचा. "आमी आडनावबंधू," म्हणायचा. "आय दोन, बाप दोन, गावं दोन. आडनाव तेवढं एक. तेच वाटून घेतलंय."

शाळेत पोरांसमोर आम्ही एकमेकांना अहो-जाहो करायचो. पण शनिवारी सकाळची शाळा सुटली, तीन मैलांच्या वाटेला लागलो की अरे-तुरे सुरू. कधी असं ठरवलं नव्हतं. गाव मागं पडलं, पहिला ओढा ओलांडला, की तो म्हणायचा, "चल रे, बघू आज कुणाच्या नशिबात आपण हाओत."

एसटी दिवसातून दोनदा यायची आणि ती बहुतेक वेळा गच्च भरून न थांबता जायची. म्हणून आम्ही हात करून जायचो. लिफ्ट हा शब्द आमच्याकडं तेव्हा नव्हता. हात करायचा, गाडी थांबली तर बसायचं, उतरताना राम राम नाहीतर सलाम करायचा. सडकेच्या कडेला एक लिंबाचं झाड होतं आणि त्याच्या पुढं चढ. गाडीचा वेग चढावर कमी होतो, म्हणून आमची जागा झाडाखाली नसून चढाच्या डोक्यावर, उन्हात. हे त्याचं शास्त्र. गाडी दिसायच्या आधी नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, "रिकामी हाय, थांबल," किंवा "भरलेली हाय, हात नको करू, बिचाऱ्याचा दम मोडल." दहातल्या आठ वेळा बरोबर यायचं.

चारठाण्याहून देवगाव फाटा, फाट्यावर उतरून पुन्हा हात, मग सेलू, तिथं तो कधी उतरायचा कधी पुढं यायचा, आणि शेवटी मी पाथरीला. किती तऱ्हेच्या गाड्यांत बसलो! खताच्या गोण्यांवर बसलो, शेळ्यांच्या टेम्पोत उभे राहिलो. एकदा बँडवाल्यांच्या टेम्पोत जागा मिळाली ती मोठा ढोल मांडीवर घेण्याच्या अटीवर. खड्डा आला की ढोल आपोआप वाजायचा आणि वाटेतली पोरं नवरदेव शोधत मागं पळायची.

पण सगळ्यांत लक्षात राहिला तो रस्त्याचा रोलर. त्या दिवशी तास-दीड तास एकही गाडी आली नाही. मग चढावरून धडधडत रोलर आला. मित्रानं थट्टेनं हात केला, आणि रोलर थांबला.

"बसा की गुर्जी," रोलरवाला म्हणाला. "चार दिस झाले, कुणी बोललं न्हाई माझ्याशी."

बसलो. रोलर आमच्या चालण्यापेक्षा हळू चालला होता. थोड्या वेळानं मागून गवताचे भारे डोक्यावर घेतलेल्या बाया आल्या आणि आमच्या पुढं निघून गेल्या. जाता जाता एक जण म्हणाली, "मास्तर, जरा हळू हाकायला सांगा. उडून पडताल!"

"मावशे," यानं ओरडून सांगितलं, "पुढं जायलाच लागलीस तर आमच्या घरी सांग, निघालेत म्हणून!"

मी त्याच्या कानात म्हणालो, "उतरू रे. चालत लवकर पोचू."

तो म्हणाला, "बस गप. आपण उतरलो तर त्याला वाईट वाटल."

आम्ही फाट्यापर्यंत रोलरवर बसून गेलो. रोलरवाल्यानं त्याच्या बहिणीच्या लग्नापासून सासऱ्याच्या दम्यापर्यंत सगळं सांगितलं. दुपारचे चार वाजले. पाठीची हाडं खिळखिळी झाली. त्या दिवशी जितका हसलो तितका नंतर क्वचितच हसलो असेन.

गाडीत बसलं की चालक तीन प्रश्न विचारायचा. गाव कोणतं, आडनाव काय, पावणे कुठले. तिसऱ्या उत्तराला समोरच्याला तुमची जात कळलेली असायची, तो शब्द न उच्चारता. आमचं आडनाव एक निघालं की चालक विचारायचा, "भाऊ-भाऊ का?" आणि आम्ही दोघं एकदम "हो" म्हणायचो. मग तो पावण्यांची चौकशी करायचा, तेव्हा हा म्हणायचा, "पावणे लय हायेत, पर कुणी बोलवत न्हाई." चालक हसायचा आणि प्रश्न तिथंच संपायचा. मला ही सगळी गंमत वाटायची. त्याला ती किती गंमत वाटत होती, हा विचार मी तेव्हा केला नाही. तो आमच्या घरी दोन-तीनदा आला, पण दरवेळी "आत्ताच पिऊन आलो" म्हणून चहा टाळायचा. आई कोणत्या कपात चहा देईल हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी कधी आग्रह केला नाही.

आता त्या दिवसाचं.

पावसाळा निम्मा झाला होता. चार दिवसांपासून एसटी बंद होती. कुठल्या गावात वस्ती जाळली, कुठं माणसाला मारलं, अशा बातम्या रोज येत होत्या. हेडमास्तरांनी शाळेला सुटी दिली. मी म्हणत होतो, दोन दिवस इथंच थांबू. पण त्याची बायको दिवसांत होती, आठ-दहा दिवस राहिले होते. जी मुलगी आज मला फोन करते, ती तेव्हा जन्माला यायची होती. त्याला घरी जाणं भाग होतं आणि एकट्यानं जाणं धोक्याचं होतं.

मी म्हणालो, "चल. मी हाय की सोबत."

हे वाक्य मात्र मी खरोखर बोललो होतो.

चढावर उभे राहिलो. त्या दिवशी त्यानं आवाज ओळखायचा खेळ केला नाही. जिंतूरकडून मिठाच्या गोण्यांचा ट्रक आला. चालक मेंदी लावलेल्या दाढीचे एक वयस्कर चाचा होते. "कां जाते मास्टर ऐसे दिनों में? बैठो बैठो," म्हणाले. आम्ही केबिनमध्ये बसलो, तो दाराशी, मी मध्ये. चाचांनी एकच प्रश्न विचारला, "भायां हैं क्या दोनों?" आम्ही सवयीनं हो म्हणालो.

देवगाव फाटा गेला. पुढं एका गावाजवळ, नाव लिहीत नाही, सडकेवर बैलगाडी आडवी लावली होती. पंधरा-वीस माणसं होती. काहींच्या हातात काठ्या. मी त्यांना गुंड म्हणू शकत नाही. माझ्या वडिलांसारखीच धोतर-टोपीतली शेतकरी माणसं होती. एकानं दार उघडलं. चाचांनी न विचारताच सांगितलं, "दोनों भायां हैं साब, मास्टर लोगां हैं. जाने दो."

बहुतेक तेवढ्यावर ट्रक सुटला असता. पण मागून खांद्यावर उपरणं टाकलेला एक माणूस पुढं आला आणि माझ्याकडं बघून हसला. त्याला मी ओळखत होतो. त्या महिन्यात माझी सोयरीक जमत होती, आणि हा मुलीच्या गावचा, तिच्या चुलत्यांपैकी एक. मुलगी बघायला गेलो तेव्हा आम्ही एकाच सतरंजीवर बसून पोहे खाल्ले होते.

"अरे, गुर्जी तुमी!" तो म्हणाला. "अन् ह्यो भाऊ कंचा? तुमाला तर भाऊ न्हाई म्हणले व्हते."

मग त्यानं मित्राला आडनाव विचारलं. यानं सांगितलं. गाव विचारलं, तेही सांगितलं. माणूस जरा विचारात पडला. त्यानं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"आडनाव तर एकच हाय. म्हंजी तुमच्यातलेच ना हे?"

मला फक्त मान हलवायची होती. खोटं बोलण्याचं काम चाचांनी आधीच केलं होतं. तोंडसुद्धा उघडायची गरज नव्हती.

इथं मला नीट लिहिलं पाहिजे. मला काठ्यांची भीती वाटली नव्हती. ती वाटली असती तर मी स्वतःला केव्हाच माफ केलं असतं. त्या माणसानं दोघांकडं ज्या नजरेनं बघितलं, तिची भीती वाटली. आडनाव एक, आणि हा म्हणतो भाऊ. उद्या मुलीच्या गावात चौकशी होईल, हा कुठला भाऊ, कोणत्या वस्तीतला. आणि मग विचारतील, तो जर ह्याचा भाऊ, तर हा कोण? त्याला माझ्यातला समजतील याची भीती नव्हती. मला त्याच्यातला समजतील याची होती.

मी म्हणालो, "न्हाई. आडनाव एक हाय, पर आमच्यातले न्हाईत ते. शाळंत सोबत हाईत."

प्रत्येक शब्द खरा होता.

"मग तुमी उतरा," तो माणूस मित्राला म्हणाला. आवाज चढवला नाही.

मित्रानं पायाशी ठेवलेली कापडी पिशवी उचलली. चाचांना म्हणाला, "येतो चाचा." खाली उतरला. मग वर माझ्याकडं बघून म्हणाला, "गुर्जी, तुमी व्हा पुढं."

शाळेबाहेर, सडकेवर, तो मला पहिल्यांदा "तुमी" म्हणाला.

त्या माणसानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "बरं झालं भेटलात. तारीख काढून टाकू आता." बैलगाडी बाजूला झाली आणि ट्रक निघाला. तोवर कुणी मित्राला हात लावला नव्हता. नंतरचं मला माहीत नाही. बाजूच्या आरशात तो थोडा वेळ दिसला. सडक सोडून काळ्या रानात उतरत होता. पाथरीला उतरताना मी चाचांना सलाम केला, ते समोर बघत राहिले.

पंधरा दिवसांनी शाळा उघडली. तो माझ्या आधीच आलेला होता. मुलगी झाल्याचे पेढे वाटत होता. हेडमास्तरांनी विचारलं, "कसे काय पोचलात हो त्या दिवशी?" मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "हे होते म्हणून पोचलो. गाडी अडवली व्हती. यांनी सरळ सांगितलं, भाऊ हाय माझा म्हणून."

हेडमास्तरांनी माझी पाठ थोपटली. मी त्याच्याकडं बघितलं. तो पट्टी घेऊन हजेरीच्या वहीत रेघा मारत होता.

त्यानं असं का सांगितलं, हे मी त्याला कधीच विचारलं नाही. कधी वाटतं, मला वाचवलं. कधी वाटतं, आपल्याला असं उतरवलं गेलं हे त्याला चारचौघांत येऊ द्यायचं नव्हतं. आणि कधी वाटतं, मी काय बोलायला हवं होतं ते त्यानं मला शिकवलं, आमच्या पेशाप्रमाणं, पुन्हा पुन्हा घोकून घेऊन.

सुरुवातीला कुणी गोष्ट काढली की मी गप्प बसायचो. लोक त्याला विनय समजायचे. मग मान हलवायला लागलो, जी त्या दिवशी हलवली नव्हती. मग केव्हातरी स्वतः सांगायला लागलो, हातवाऱ्यांसह. एकदा माझ्या सासुरवाडीच्या लग्नात बायकोनं ही गोष्ट बायकांना सांगितली. तो उपरण्याचा माणूस दारात पान लावत बसला होता. त्यानं सगळं ऐकलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि पानाला चुना लावत राहिला. ट्रक अडवला त्या दिवशी मी खरं बोललो होतो. त्यानंतर पंचेचाळीसहून जास्त वर्षं खोटं बोलत आलो.

आम्ही पुढंही दोन वर्षं शनिवारी सोबत जात होतो. चढावर उभं राहून हात करत होतो. तो गाड्यांचे आवाज ओळखायचा, हसायचा, हसवायचा. पण ओढा ओलांडला तरी तो "तुमी"च म्हणायचा. मी "तू" म्हणत राहिलो, मग मलाही ते जमेना. माझ्या लग्नाला तो आला. आहेर केला, आणि जेवायला चला म्हटलं तर म्हणाला, "आत्ताच जेवून आलो." मग बदल्या झाल्या. वर्षा-दोन वर्षांनी भेटायचो. शेवटच्या आजारातही मी भेटायला गेलो तर "या, बसा" म्हणाला.

मागच्या आठवड्यात पाथरीहून जीपनं सेलूला गेलो. सेलूत त्याची बायको राहते, मुलगी परभणीहून आली होती. त्या दोघींना समोर बसवून जे वर लिहिलं आहे ते सांगितलं. वहिनींना कमी ऐकू येतं, म्हणून काही वाक्यं मोठ्यानं म्हणावी लागली. "आमच्यातले न्हाईत ते" हे वाक्य दोनदा म्हणावं लागलं.

मला वाटलं, मुलगी उठून जाईल. मग तिनं विचारलं, "मग बाबा घरी कसे आले?"

"माहीत नाही."

"म्हणजे? तुम्ही नंतर विचारलं नाही?"

"नाही."

"इतक्या वर्षांत एकदाही?"

मी मान हलवली. खरं म्हणजे त्या वाक्यापेक्षा ह्याचीच लाज आता जास्त वाटते. तो रानातून किती चालला, कुणी मागं लागलं का, कुठं झोपला, काय खाल्लं, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

वहिनी म्हणाल्या, "दुसऱ्या दिशी दुपारी आले. मी वट्ट्यावर बसले व्हते. गुडघ्याइतका चिखल. म्हणले गाडी मधीच बिघडली, चालत आलो. त्यांच्या चपला कुठंतरी चिखलात गेल्या व्हत्या. पायात दुसऱ्याचं पायताण व्हतं. चामड्याचं, जड, ह्ये एवढालं. मी म्हणलं, कुणाचं आणलं? तर म्हणले, एका भावाचं हाय." त्या थांबल्या. "मला इतके दिस वाटलं, तुमचंच हाय."

मी नकळत माझ्या पायांकडं बघितलं. माझा पाय लहान आहे, सहा नंबरची चप्पल लागते. वहिनींनीही बघितलं.

"ते पायताण लय वर्षं माळ्यावर व्हतं," त्या म्हणाल्या. "घालायचे न्हाईत, टाकू बी द्यायचे न्हाईत."

त्या गावापासून त्याच्या घरापर्यंत कुठल्यातरी शिवारात, त्या दिवसांत, कुणीतरी आपल्या पायातलं काढून त्याला दिलं आणि स्वतः अनवाणी घरी गेलं. त्या माणसाची गोष्ट इतकी वर्षं माझ्या नावावर होती.

मी मुलीला म्हणालो, "तुझ्या पुस्तकात हे नको असेल तर मी काहीच देत नाही. पण जुनी गोष्ट लिहून देणार नाही."

ती म्हणाली, "तुम्ही जसं झालं तसं लिहा. मी वाचते. छापायचं का नाही ते मी आणि आई ठरवू." आवाजात माया नव्हती, रागही नव्हता. तेवढा तिचा हक्क होता. मी उठलो. दारापर्यंत आल्यावर ती म्हणाली, "काका, ती रोलरची गोष्ट? ती तरी खरी आहे ना?"

"ती खरी हाय," मी म्हणालो.

"बाबा ती सांगताना फार हसायचे. 'तो म्हणला उतरू, मी म्हणलं बस गप.' आम्हाला पाठ झाली होती."

"मला काय म्हणायचे? तो?"

"हो. तो."

"आणि ट्रकच्या गोष्टीत?"

तिनं जरा आठवून बघितलं. "त्यात 'ते' म्हणायचे," ती म्हणाली. "मला कधी लक्षातच आलं नाही."